बॉल सापडतो, पार सापडत नाही

(एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळलो आणि जिथे मागून कुकरची शिट्टी आली, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे जण पुढचा एपिसोड लावणार, हे मला माहीत आहे. विषय आहे गोल्फ. आपल्याकडे गोल्फ म्हणजे रिटायर्ड कर्नल, पांढऱ्या टोप्या आणि बिल्डरांच्या होर्डिंगवरची हिरवळ. अपवाद फक्त ऑगस्ट २०२१ मधल्या त्या एका शनिवारचा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या जवळ पोचली होती आणि अख्खा देश पहाटे उठून ‘बर्डी म्हणजे काय’ हे गुगल करत होता. ती चौथी आली. त्याच दिवशी नीरज चोप्रानं भालाफेकीत सुवर्ण जिंकलं आणि गोल्फ पुन्हा विसरलं गेलं.

मीही त्या गुगल करणाऱ्यांपैकीच. पण नंतर कामानिमित्त काही महिने अमेरिकेत राहायची वेळ आली. तिथल्या टीमबरोबर एकदा मला गोल्फ खेळायला नेलं. त्या कोर्सचं नाव घेत नाही. मोठ्या हाउसिंग स्कीमच्या मधोमध बसवलेला कोर्स, दोन्ही बाजूंना बंगले, जिथे बंगले नाहीत तिथे तळी. चौदाव्या होलला माझे बॉल संपले. स्वतःचे सहा, टीममधल्यांकडून उसने घेतलेले सात, असे एकूण तेरा. मागून येणारा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा. उरलेले चार होल मी गाडीत बसून पाण्याच्या बाटल्या वाटल्या. परतताना सगळे चांगलं बोलले, पण मी मनात ठरवून टाकलं की हा आपला खेळ नाही.

आज जे सांगणार आहे त्याचा मुद्दा हाच आहे. तो माझा खेळ नव्हता, की तो कोर्स माझ्यासाठी नव्हता? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला नंतर एका दुसऱ्या कोर्सवर कळलं. आणि गंमत म्हणजे तो कोर्स जगातल्या सगळ्यात अवघड कोर्सेसपैकी एक मानला जातो.

ज्यांना गोल्फ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. एका कोर्सवर अठरा होल. प्रत्येक होलची सुरुवात ‘टी’वरून, मध्ये लांब कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे ‘फेअरवे’, शेवटी अगदी गालिच्यासारखं बारीक गवत म्हणजे ‘ग्रीन’, आणि त्यात खळगा. चांगल्या खेळाडूला जितक्या फटक्यांत तो होल संपवता यावा ती संख्या म्हणजे ‘पार’. बॉल हरवला तर दंडाचा एक फटका, वर परत मूळ जागी येऊन मारायचं. हरवलेला बॉल शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ पासून तीनच. एवढं पुरे.

तर माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहतो. रॅलीच्या शेजारचं गाव. तिथे आयटीमुळे इतकी मराठी मंडळी आहेत की गणपतीत मोदकांची ऑर्डर आधी नोंदवावी लागते. मी माझी तेरा बॉलची कहाणी सांगितली तेव्हा दादा हसला आणि म्हणाला, “तुला पाइनहर्स्टला नेतो. नंबर दोनवर.” मी म्हटलं, “दादा, तिथे यूएस ओपन होते.” तो म्हणाला, “म्हणूनच.”

पाइनहर्स्ट तिथून तासा-सव्वा तासाच्या ड्राइव्हवर. त्या पट्ट्याला सँडहिल्स म्हणतात, म्हणजे खरंच वाळूच्या टेकड्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र तिथवर होता, तो मागे हटला आणि वाळू राहिली. वर पाइनची उंच उंच झाडं, त्यांची पानं म्हणजे फूटभर लांब सुया, आणि झाडांखाली विरळ, ताठ, झिपऱ्या गवताचे झुबके. त्याला वायरग्रास म्हणतात. या वाळूकडे लक्ष असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

१८९५ साली बॉस्टनच्या जेम्स वॉकर टफ्ट्स नावाच्या माणसानं ही जमीन घेतली. सोडा फाउंटन बनवायचा त्याचा मोठा धंदा होता. जंगल आधीच तोडून झालेलं, त्यामुळे जमीन कवडीमोलानं मिळाली. त्याला काढायचं होतं थंडीत हवापालटासाठी यायचं ठिकाण, म्हणजे आपल्याकडे पूर्वी लोक पाचगणीला जायचे तसं काहीसं. गोल्फ त्याच्या डोक्यातही नव्हतं. पाहुणेच मोकळ्या रानात बॉल मारत फिरायला लागले, तेव्हा त्यानं कोर्स काढला. १९०० साली स्कॉटलंडमधल्या डॉर्नोक गावचा एक तरुण, डॉनल्ड रॉस, तिथे नोकरीला आला. नंबर दोन हा कोर्स त्यानं बांधला, १९०७ साली अठरा होल पूर्ण झाले. पुढे त्यानं अमेरिकाभर शेकडो कोर्स केले, पण राहिला इथेच, याच कोर्सच्या कडेच्या घरात. १९४८ साली तो गेला, तोपर्यंत या कोर्समध्ये काही ना काही बदलतच होता. चाळीस वर्षं एकच कोडबेस सांभाळणारा माणूस! आमच्या धंद्यात कोणी चार वर्षं टिकला तरी सत्कार करतात.

आता मजा बघा. हा रिसॉर्टचा कोर्स आहे. म्हणजे क्लबची मेंबरशिप, ओळखपाळख असलं काही लागत नाही. रिसॉर्टमध्ये मुक्काम करा, पैसे भरा, खेळा. (फी सांगत नाही. आई हा एपिसोड ऐकते.) त्यामुळे इथे येणारा गिऱ्हाईक कोण? माझ्यासारखा. वर्षातून पाच-दहा वेळा खेळणारा, दोनशे यार्ड सरळ मारला तर फोटो काढून ठेवणारा माणूस. आणि त्याच कोर्सवर जगातले सर्वोत्तम खेळाडूही खेळणार. दोघांना एकच मैदान. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच ॲप, एका टोकाला आजोबांचा जुना फोन आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यात महागडा. दोन्हीवर चालायला हवं.

बहुतेक रिसॉर्ट इथेच गडबड करतात. कोर्स ‘चॅम्पियनशिप’ आहे असं छापायचं असतं, मग अवघड करायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पाणी. फोटोतही छान दिसतं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासचा सतरावा होल. फक्त १३७ यार्ड, पण ग्रीन चहूबाजूंनी पाण्यात, बेटासारखं. पीट डाय यानं तो कोर्स केला, बेटाची कल्पना त्याच्या बायकोची, ॲलिस डायची. ती स्वतःही उत्तम खेळाडू आणि डिझायनर होती. टीव्हीवर तो होल बघायला थरार आहे, मी दरवर्षी बघतो. पण तिथे पैसे भरून खेळायला जाणाऱ्या साध्या माणसाचा विचार करा. त्याच्याकडे पर्याय एकच, बॉल उडवायचा आणि नेमका बेटावर टाकायचा. डावीकडून जा, उजवीकडून जा, दोन फटक्यांत जा, असं काहीच नाही. दरवर्षी लाखाच्या वर बॉल त्या पाण्यात जातात असा अंदाज सांगितला जातो. एक असा होल असेल तर ती आठवण होते. मी खेळलो त्या कोर्सवर तसले बारा होते, आणि ॲलिस डायची कल्पनाशक्ती एकातही नव्हती.

इथे एक आकडा समजून घेऊ, कारण तो मला फार आवडला. प्रत्येक कोर्सला दोन नंबर असतात. एक ‘कोर्स रेटिंग’, म्हणजे अगदी तयार खेळाडू, ज्याला ‘स्क्रॅच’ म्हणतात, तो साधारण किती फटक्यांत अठरा होल संपवेल. दुसरा ‘स्लोप’. त्यासाठी नियमांत एक साधा खेळाडू कल्पिला आहे, ‘बोगी गोल्फर’. पुरुष असेल तर तो टीवरून दोनशे यार्ड मारतो, बाई असेल तर दीडशे. स्क्रॅच पुरुष अडीचशे मारतो. आता समजा एका कोर्सवर स्क्रॅच खेळाडूचे ७२ होतात आणि साध्या खेळाडूचे ९३. फरक २१. त्याला ५.३८१ नं गुणा, उत्तर येतं ११३. हा झाला मध्यम कोर्स. दुसऱ्या कोर्सवर स्क्रॅचचे ७२च होतात, पण साध्याचे ९९. फरक २७, गुणल्यावर १४५. दोन्ही कोर्स चांगल्या खेळाडूला सारखेच अवघड, पण दुसरा साध्या माणसाला सोलून काढतो. स्लोप ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो. बायकांसाठी गुणक वेगळा असतो, तो ४.२४.

नाव स्लोप का, तर शाळेतली सरळ रेषा आठवा. खाली आडव्या रेषेवर माणूस किती कच्चा, उभ्या रेषेवर त्याचे फटके. रेषा जितकी चढी तितका कच्च्या माणसाला कोर्स जास्त महाग. अमेरिकी नौदलातल्या डीन नूथ यानं ही पद्धत सत्तरच्या दशकात विद्यार्थी असताना मांडली. मैदान किती चढउताराचं आहे त्याच्याशी या शब्दाचा संबंध नाही, मला बरेच दिवस तसंच वाटायचं.

पण हा आकडा एक गोष्ट सांगत नाही. ते २७ फटके कसे गेले? पाण्यात, काट्यात, बॉल शोधण्यात गेले, की खेळण्यात गेले? स्कोअरकार्डावर दोन्ही सारखेच दिसतात. पायांना आणि डोक्याला मात्र फरक कळतो.

परत नंबर दोनवर या. पहिल्या टीवर उभा राहिलो तेव्हा हात थरथरत होते. समोर बघितलं तर... मोकळं. घर नाही, तळं नाही. मोठा रुंद फेअरवे, कडेला वाळू, वायरग्रासचे झुबके आणि लांबवर झाडं. मी मारला, नेहमीसारखा उजवीकडे वळला आणि वाळूत जाऊन पडला. चालत गेलो. बॉल समोरच दिसत होता. परत मारला. हे मला इतकं नवीन होतं की तिसऱ्या होलपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही, मी अजून पहिल्याच बॉलनं खेळतोय.

हा मोकळेपणा मात्र मधली कित्येक वर्षं तिथे नव्हता. रॉसच्या नंतर हळूहळू कोर्स ‘सुधारत’ गेला. वाळूवर सगळीकडे हिरवं गवत लावलं, फेअरवे अरुंद झाले, कडेला दाट उंच गवत आलं. दिसायला टीव्हीवरच्या इतर कोर्ससारखा गुळगुळीत. मग २०१० साली रिसॉर्टनं बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीला बोलावलं. कूर नॉर्थ कॅरोलिनाचाच, लहानपणी या कोर्सवर खेळलेला. क्रेनशॉ दोनदा मास्टर्स जिंकलेला. त्यांनी काय नवीन केलं? जवळजवळ काहीच नाही. त्यांनी काढून टाकलं. तीस-पस्तीस एकर गवत उचकटून काढलं आणि खालची वाळू उघडी केली. १९४३ साली विमानातून काढलेले जुने फोटो मिळाले होते, त्यावरून रॉसच्या काळातल्या फेअरवेच्या कडा शोधल्या. पाण्याचा जुना पाइप फेअरवेच्या मधोमध गेलेला होता, तोच धरून रुंदी ठरवली. पाणी जिथवर पोचतं तिथवर हिरवं, पुढे तपकिरी, मग वाळू. स्प्रिंकलर साडेअकराशेच्या आसपास होते, ते साडेचारशेवर आले. वायरग्रासची हजारो रोपं लावली. माझ्या भाषेत सांगायचं तर गिटमध्ये खोदत जाऊन एक जुनी कमिट शोधली आणि मधल्या सगळ्या ‘सुधारणा’ डिलीट केल्या. सिनियर माणसाचं काम ओळखायचं कसं, तर डिलीट किती केलं त्यावरून.

पाण्याचा वापर अर्थातच खूप खाली आला. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण गोल्फ कोर्स म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न पाण्याचा आणि जमिनीचा येतो, आणि तो यायलाच हवा. गोव्यात तेरेखोलला गोल्फ रिसॉर्टच्या प्रकल्पाला गावकऱ्यांनी केलेला विरोध तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. कूर-क्रेनशॉ यांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं असं मी म्हणत नाही. पण सगळं हिरवंगार म्हणजे चांगला कोर्स, हा समज तरी तिथे मोडला. मजेची गोष्ट अशी की २०१४ साली यूएस ओपन तिथे झाली तेव्हा टीव्हीवर तपकिरी मैदान बघून काही जणांनी नाकं मुरडली.

मग अवघड काय आहे? ग्रीन. आणि हे नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच साठवलेली आहे.

नेहमीचं ग्रीन थोडंफार ताटासारखं असतं, बॉल आत धरून ठेवणारं. इथलं ग्रीन म्हणजे पालथी परात. मधे उंच, चारी बाजूंनी घसरतं. इंग्रजीत त्याला कासवाची पाठ म्हणतात. काही जण सांगतात की रॉसनं एवढं उंच केलं नव्हतं, वर्षानुवर्षं वरून वाळू टाकत गेल्यामुळे ते फुगत गेलं. कारण काहीही असो, परिणाम असा की ग्रीन दिसायला मोठं, पण बॉल थांबेल अशी जागा त्यातली थोडीच. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बॉल पडतो, क्षणभर विचार करतो आणि शांतपणे खाली घरंगळत जातो. खाली काटे नाहीत, पाणी नाही, छान बारीक कापलेलं गवत आहे. बॉल सापडतो. पण परत चढवायचा आहे.

पाचव्या होलला माझं काय झालं ते ऐका. ग्रीनजवळ पोचलो तोवर चार फटके. मी म्हटलं, आता संपवू. चढावर ढकलला, वर पोचला नाही, परत माझ्या पायाशी. पुन्हा. या वेळी जोरात, तर पलीकडून खाली. पलीकडून मारला तर परत अलीकडे. दादा झेंडा धरून उभा, चेहरा अगदी गंभीर ठेवायचा प्रयत्न करतोय. शेवटी दहा. माझ्या मनात आलं की हेच का ते खेळता येणं?

कॅडीनं मला जॉन डेलीचं सांगून धीर दिला. १९९९ च्या यूएस ओपनमध्ये याच कोर्सच्या आठव्या होलला डेलीचा बॉल असाच चढून परत पायाशी आला. दोन वेळा मेजर जिंकलेला माणूस, तो इतका वैतागला की त्यानं घरंगळत येणाऱ्या बॉललाच फटका हाणला. दोन फटक्यांचा दंड, त्या होलवर एकूण अकरा. म्हणजे मी एकानं बरा.

मग कॅडीनं अजून एक गोष्ट केली. मी ग्रीनच्या बाहेरून बॉल उडवायची काठी मागितली की तो मला पटर द्यायचा. पटर म्हणजे खरं तर ग्रीनवर बॉल ढकलायची काठी. मला वाटलं, हा मला नवशिका समजून देतोय. तर तो म्हणाला, मार्टिन कायमरनं २०१४ मध्ये हेच केलं. मी रात्री जाऊन हायलाइट्स बघितले. खरंच! कायमर ग्रीनच्या बाहेरून, उतारावरून, कुठूनही सरळ पटर काढतो आणि बॉल जमिनीवरून चढवतो. त्यानं ती स्पर्धा आठ फटक्यांच्या फरकानं जिंकली, पारच्या नऊ खाली. त्या आठवड्यात पारच्या खाली संपवणारे मिळून तिघंच होते.

इथे माझी ट्यूब पेटली. सॉग्रासच्या बेटावर मला जमतं ते काहीच कामाचं नाही. पाण्यावरून घरंगळत कोण जाणार? नंबर दोनवर नवशिक्याला येणारा सगळ्यात सोपा फटका, जमिनीवरून ढकलायचा, तोच जगज्जेत्याचाही फटका आहे. तो माझ्यापेक्षा शंभर पट चांगला मारतो, ते सोडा. पण आम्ही दोघं एकच खेळ खेळतोय. ग्रीनच्या तोंडाशी आडवं काही नाही म्हणून हे शक्य होतं. आणि खाली वाळू आहे, पाणी झिरपून जमीन कडक राहते, बॉल पळतो, म्हणून शक्य होतं. चिकण मातीवर हेच डिझाइन उचलून बसवलं तर पहिल्या पावसात चिखल. रिसॉर्टवाले परदेशातून नकाशे आणतात, माती आणत नाहीत.

रुंदीचंही तसंच. मला रुंद फेअरवे म्हणजे सोय. चांगल्या खेळाडूला तो प्रश्न आहे. कारण झेंडा ग्रीनच्या डाव्या टोकाला असेल तर उजवीकडून येणाऱ्याला जागा मिळते, डावीकडून येणाऱ्याला ती घसरण मिळते. म्हणजे फेअरवेवर आहेस, शाबास, पण फेअरवेच्या कुठल्या बाजूला? मला तर कुठलीही बाजू चालते, मी फेअरवेवर असल्याच्याच आनंदात.

आणि टी. स्पर्धेत हा कोर्स साडेसात हजार यार्डांच्या वर जातो. आम्ही खेळलो तो सुमारे ६,३०० चा. सोळावा होल पाहुण्यांना पार पाच, ओपनमध्ये तोच पार चार. २०१४ साली तर पुरुषांची आणि बायकांची यूएस ओपन लागोपाठच्या दोन आठवड्यांत इथेच घेतली, पहिल्यांदाच. टी पुढे आणल्या आणि त्याच ग्रीनवर बायका खेळल्या. मिशेल वी जिंकली, पारच्या दोन खाली, आणि पारच्या खाली ती एकटीच होती. कोर्सनं कोणालाच सूट दिली नाही.

सोळाव्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अख्ख्या कोर्सवर एकच तळं आहे, सोळाव्याच्या टीसमोर. चांगले खेळाडू त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. मी पंधरा होल एकाच बॉलनं खेळलो होतो, खिशात हात घालून जरा रुबाबात उभा राहिलो, आणि बॉलच्या डोक्यावर मारला. तो तीन टप्पे खाऊन थेट पाण्यात. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “एकच तळं होतं रे.”

एकूण ११९. दिवसभरात एक बॉल गेला. मागचा ग्रुप एकदाही थांबला नाही.

यावर दादाचं आणि माझं जेवताना भांडण झालं. त्याचं म्हणणं, ११९ मारणाऱ्याला त्या ग्रीनवर आणणं हा छळच आहे, तू फक्त बॉल सापडला म्हणून खूश झालास. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. दहा फटक्यांचा तो पाचवा होल मला आजही दुखतो. पण माझं उत्तर असं, की तिथे प्रत्येक फटक्यानंतर मला कळत होतं काय चुकलं. हळू मारला, जोरात मारला, चुकीच्या बाजूनं आलो. आधीच्या कोर्सवर चुकलं की खेळच थांबायचा, दंड भरा आणि नवीन बॉल काढा. एक प्रोग्रॅम चूक दाखवतो, दुसरा नुसता क्रॅश होतो. डीबग कशाचं करणार?

हा धडा मोठमोठ्या डिझायनरांनाही उशिरा मिळालाय. स्कॉटलंडचा डेव्हिड मॅकले किड यानं १९९९ साली ऑरेगनच्या समुद्रकिनारी बँडन ड्यून्स केला आणि विशी-तिशीतच नाव झालं. पुढचे त्याचे काही कोर्स, सेंट अँड्र्यूजचा कॅसल कोर्स त्यातलाच, इतके कठोर झाले की खेळून आलेली माणसं वैतागून बोलायला लागली. त्यानं ते उघडपणे मान्य केलं आणि दिशा बदलली. वॉशिंग्टन राज्यातला गॅम्बल सँड्स, मग विस्कॉन्सिनमधला मॅमथ ड्यून्स, दोन्ही प्रचंड रुंद. लोक हसत बाहेर येतात. काही जाणकार म्हणतात की आता तो फारच सोपा करतो. मी मॅमथ ड्यून्सवर खेळलेलो नाही, पण तेरा बॉल हरवलेल्या माणसाचं मत कुठल्या बाजूला असेल ते तुम्ही ओळखलं असेलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची मुलगी आमच्याबरोबर आली. आठ वर्षांची. रिसॉर्टमध्ये ‘द क्रेडल’ नावाचा छोटा कोर्स आहे, २०१७ साली गिल हॅन्स यानं केलेला. नऊ होल, सगळे मिळून ७८९ यार्ड, म्हणजे नंबर दोनच्या दीड-दोन होलांएवढा. पालथ्या पराती इथेही आहेत, पण लहान, आणि कुठे कुठे उलट्या, बॉल झेंड्याकडे आणून देणाऱ्या. माणसं हातात दोन-तीन काठ्या घेऊन अनवाणीसुद्धा फिरत होती.

पहिल्या होलला मी नेमकी काठी निवडली, दोनदा हवेत फिरवून बघितली, बॉल उडवला आणि ग्रीनच्या मागे टाकला. पुतणीनं टीवर बॉल ठेवला आणि पटर काढला. मी म्हटलं, “अगं, इथून उडवायचा असतो.”

ती म्हणाली, “काका, मधे काहीच नाहीये. मग कशाला उडवायचा?”

तिनं ढकलला. बॉल गवतावरून उड्या मारत गेला, चढावर जरा मंदावला, डावीकडे वळला आणि झेंड्यापासून माझ्यापेक्षा बराच जवळ थांबला. तिचे तीन झाले, माझे पाच. आतेभाऊ आता हे प्रत्येक व्हिडिओ कॉलवर काढतो.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी गोल्फ खेळत असेल, कॅडीचं काम केलं असेल किंवा कोर्सवर माळीकाम केलं असेल तर नक्की लिहा. गवत कापणाऱ्या माणसाकडून ग्रीनबद्दल ऐकायची मला फार इच्छा आहे, तो एपिसोड वेगळा करू.